नाण्यावरचा माणूस

नोटेकडे माणूस दोनदा पाहतो, घेताना आणि देताना. नाण्याकडे तो एकदाही धड पाहत नाही. नाणे बोटांनाच कळते. अंधारात, गर्दीच्या एस.टी.त, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हाताला पोर अशा अवस्थेतही खिशातला रुपया कोणता आणि अधेली कोणती हे बोटे बिनचूक सांगतात. मग ज्या वस्तूकडे कोणी पाहतच नाही, तिच्यावर थोरामोठ्यांचे मुखवटे उठवण्याचा खटाटोप जगातली सरकारे का करतात? आणि केला, तर त्या थोर माणसाचा त्याने मान वाढतो की नुसतीच झीज होते?

विद्वानांनी या प्रश्नावर ग्रंथ लिहिले असतील. मी तो गल्ल्यावर बसून पाहिला. पिंपळगाव बसवंतला आमचे किराण्याचे दुकान. मुंबई-आग्रा रस्त्याने गेलेल्या वाचकांना आमचे गाव ठाऊक असेलच. द्राक्षांमुळे, कांद्यामुळे, नाहीतर टोलनाक्यावर तिष्ठत बसल्यामुळे तरी नक्कीच. बाजार समितीत लिलाव उरकला की शेतकरी हिशेबपट्टीचे पैसे घेऊन पेठेत येई. मोठ्या नोटा सोसायटीला, सोनाराला, दवाखान्याला जात. मोड तेवढी आमच्या वाट्याला येई. हमाल, खळ्यावर कांदा निवडणाऱ्या बाया, शाळेची पोरे, यांचा सारा व्यवहार चिल्लरीत. तेव्हा नोटांच्या बाबतीत माझा अनुभव बेताचाच म्हटला पाहिजे, पण नाण्यांच्या बाबतीत मी एखाद्या कोषागाराच्या अधिकाऱ्याशीही दोन हात करायला तयार आहे.

पहिल्यांदा मी नाण्याकडे पाहिले ते १९६४ साली. वय सतरा. गल्ल्यावर आमचे तात्या बसत आणि मी पुड्या बांधत असे. पंडित नेहरू त्या वर्षी २७ मे रोजी गेले आणि त्याच वर्षीच्या सालाची, त्यांचा मुखवटा असलेली रुपयाची आणि पन्नास पैशांची नाणी सरकारने काढली. स्वतंत्र भारताने एखाद्या माणसाच्या स्मरणार्थ काढलेली ही पहिली नाणी. रुपया शुद्ध निकेलचा, दहा ग्रॅम वजनाचा. फरशीवर पडला तर खणखणीत बोले. कुणाच्या हातून पडला तरी सगळे दुकान मान वळवून पाही.

आजच्या वाचकाला त्यात नवल वाटणार नाही, पण तात्यांना वाटले, कारण त्यांच्या पिढीने राणीछाप रुपया पाहिला होता, सातव्या एडवर्डचा पाहिला होता, पाचव्या-सहाव्या जॉर्जचे रुपये मोजता मोजता त्यांची बोटे काळी झाली होती. असल्या मुखवट्याच्या रुपयाला जुन्या मराठीत चेहरेशाई म्हणत. स्वराज्य आले आणि चेहरा गेला. १९५० साली प्रजासत्ताकाची नाणी निघाली ती अशोकस्तंभाचे सिंह घेऊन. मागच्या बाजूला कुठे घोडा, कुठे बैल, कुठे गव्हाची कणसे. नोटांवर राजाच्या जागी गांधीजींचे चित्र घालावे असा विचार त्या वेळी झाला होता, नमुनेही तयार झाले होते. पण शेवटी मत पडले ते सिंहांच्या बाजूने. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. राजाचा मुखवटा काढून त्याच चौकटीत दुसरा मुखवटा बसवणे सोपे होते. नव्या राष्ट्राने चौदा वर्षे ती चौकटच रिकामी ठेवली. १ एप्रिल १९५७ रोजी आणे-पै जाऊन नवे पैसे आले, तेव्हाही माणूस काही नाण्यावर आला नाही.

म्हणून नेहरूंचा पहिला रुपया गल्ल्यात पडला तेव्हा तात्यांनी तो उलटसुलट केला आणि म्हणाले, "सतरा वर्षांनी रुपयाला पुन्हा तोंड फुटलं म्हणायचं!" तो रुपया देणारा म्हातारा शेतकरी मात्र हसला नाही. त्याने आधी नाणे कपाळाला लावले होते आणि मग फळीवर ठेवले होते. राणीचा रुपया कुणी कपाळाला लावलेला तात्यांनी पाहिला नव्हता. लावला असेलच तर लक्ष्मी म्हणून लावला असेल, राणी म्हणून नव्हे.

पुढे गांधी-शताब्दी आली. १९६९ साली गांधीजींची चार नाणी निघाली: वीस पैसे, पन्नास पैसे, एक रुपया आणि चांदीचे दहा रुपये. दहाचे नाणे पंधरा ग्रॅमचे, त्यात ऐंशी टक्के चांदी. ते बाजारात फिरावे ही अपेक्षाच भाबडी होती. बँकेतून निघाले ते थेट देवघरात गेले. त्या वर्षी आमच्या पेठेत लक्ष्मीपूजनाच्या तबकात जुन्या राणीछापाच्या शेजारी गांधीजी येऊन बसले. राणी आणि गांधी एका तबकात, दोघांनाही एकाच बोटाने हळदकुंकू! असला समेट कुठल्या गोलमेज परिषदेतही झाला नसता.

वीस पैशांची कथा याहून मौजेची. ते नाणे ॲल्युमिनियम-ब्राँझचे, पिवळेधमक. त्याच धातूचे कमळाचे वीस पैसेही तेव्हा चालत. त्यात सोने मिसळले आहे अशी आवई उठली आणि लोक ती नाणी साठवू लागले. कुणी अंगठी करून घेतली, कुणी बाळलेण्यात ओवली. तात्या समजावून थकले, की बाबांनो, सरकारला वेड लागलेले नाही, वीस पैशांत सोने कोण देईल! पण आवईपुढे शहाणपण चालत नाही. गांधीबाबांचे ते नाणे पुढे ३० जून २०११ पासून चलनातून कायमचे बाद झाले, कारण त्या दिवशी चार आण्यांपर्यंतची सगळीच नाणी सरकारने मोडीत काढली.

अर्थशास्त्रात ग्रेशॅमचा नियम म्हणून एक नियम शिकवतात. वाईट नाणे चांगल्या नाण्याला बाजारातून हुसकावते, असा त्याचा मथितार्थ. आमच्या गल्ल्याने त्याला एक पोटनियम जोडला आहे: आवडते नाणेही बाजारातून नाहीसे होते. माणूस जितका लाडका, तितका त्याचा रुपया लवकर दडवला जातो. म्हणजे पुढाऱ्याचा मान करायला नाणे काढावे, तर लोक मानापोटी ते चालवायचेच बंद करतात. कोणते नाणे परत येत नाही याची मोजदाद मी बराच काळ ठेवली होती. इंदिराजींचे १९८५ सालचे पाच रुपयांचे जाडजूड नाणे बराच काळ फिरले. इतके जड, की ठेवणाऱ्याच्या खिशालाच भोक पडायचे. शिवछत्रपतींचे १९९९ सालचे दोन रुपये मात्र गल्ल्यात आठ दिवस टिकले नाहीत. लोकमान्यांचे २००७ सालचे पाच रुपये काही दिवस दिसले, मग तेही पांगले. आणि तुकोबा! २००२ साली दोन रुपयांवर तुकाराम महाराज आले. ज्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली असे आपण लहानपणापासून ऐकत आलो, त्यांनाच सरकारने चलनात आणले. देहूकरांना त्यात आनंद वाटला असेल; मला मात्र पैसे मोजताना उगीचच अपराध्यासारखे वाटे.

नाण्यावर नाव घालायचे की चेहरा, आणि तो केव्हा घालायचा, हा वाद नवा नाही. आमचा नाशिक जिल्हा तर या बाबतीत मोठा श्रीमंत आहे, आणि ती श्रीमंती केवळ नाशिकरोडच्या छापखान्याची नव्हे. (तिथे नोटा आणि तिकिटे छापतात, नाणी पाडतात मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडाच्या टांकसाळींत. पाहुण्यांना हे समजावून सांगता सांगता आमचा जन्म गेला.)

महाराजांचेच पाहा ना. १९९९च्या दोन रुपयांवर त्यांचा मुखवटा आहे. स्वतः महाराजांनी शिवराई पाडली तेव्हा तिच्यावर काय होते? एका अंगाला "श्री राजा शिव" आणि दुसऱ्या अंगाला "छत्रपति". बस्स. चेहरा नाही, बिरुदांची माळ नाही. तांब्याचा तो ठिपका गोरगरिबांच्या कनवटीला अडीचशे वर्षांच्या आसपास राहिला. राज्ये आली-गेली, कंपनी आली, तरी बाजारात शिवराई मोजली जात होती.

आग्रा रोडने आमच्या गावाहून पुढे निघालात की चांदवड लागते. तिथे होळकरांच्या काळात टांकसाळ होती. चांदवडी रुपया मराठ्यांनी पाडायचा, मराठी मुलखात चालायचा, आणि त्याच्यावर नाव कुणाचे? दिल्लीच्या शाह आलम बादशहाचे! ज्याचे डोळे १७८८ साली त्याच्याच वाड्यात काढले गेले, ज्याला स्वतःचे संरक्षण करायला महादजी शिंद्यांची फौज लागली, त्याच्या नावाने नाणे चालत होते. सत्ता एकाची, नाव दुसऱ्याचे, आणि लोकांचा विश्वास मात्र चांदीवर. नाण्यावरच्या माणसाला आपण उगाच फार महत्त्व देतो की काय, अशी शंका मला चांदवडच्या रस्त्याने जाताना नेहमी येते.

पण मग जोगलटेंभी आठवते. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या या लहानशा गावी जमिनीतून तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी निघाली. क्षहरात राजा नहपान याची ती नाणी. त्याने नाण्यावर आपला मुखवटा घातला होता: उभे नाक, डोक्याला पट्टा, कडेने ग्रीक अक्षरे. त्या नहपानाला गौतमीपुत्र सातकर्णीने बुडवले. नाशिकच्या पांडवलेण्यात गौतमीपुत्राच्या आईचा, बलश्रीचा, लेख आहे. आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश निःशेष केला असे ती माउली त्यात अभिमानाने सांगते. आता जिंकलेल्या राजाची नाणी वितळवून नवी पाडायची, ही सरळ रीत. गौतमीपुत्राने तसे केले नाही. त्याने नहपानाचीच नाणी घेतली आणि त्यांच्यावर आपला शिक्का पुन्हा ठोकला: कमानींचा डोंगर एकीकडे, उज्जैनी चिन्ह दुसरीकडे. जोगलटेंभीच्या साठ्यातली नऊ हजारांहून अधिक नाणी अशी दोनदा ठोकलेली आहेत.

नाशिकच्या एका नाणे-प्रदर्शनात मी असे एक नाणे काचेखाली पाहिले. डोंगराच्या कमानीखालून नहपानाचे नाक डोकावत होते. मी बराच वेळ तिथे उभा होतो. एका राजाने दुसऱ्याच्या तोंडावर मारलेली ती चपराक जवळजवळ दोन हजार वर्षांनंतरही ताजी वाटली. चेहऱ्याला काही किंमतच नसती, तर नऊ हजार वेळा हातोडा उगारण्याचे कष्ट सातवाहनांनी कशाला घेतले असते? ज्यांना या विद्येची गोडी आहे त्यांनी त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर अंजनेरीला जावे. १९८० साली तिथे नाणकशास्त्राच्या संशोधनासाठी एक संस्थाच उभी राहिली.

आता नहपानाचीच गोष्ट आमच्या काळात, दूरच्या एका देशात पुन्हा घडली. तिचा धागा माझ्या हातात आला तो ओझरमुळे. ओझर आमचे शेजारगाव. १९६४ साली तिथे विमानांचा कारखाना उभा राहिला, रशियाच्या मदतीने मिग विमाने तयार होऊ लागली आणि त्या वसाहतीचे नावच लोकांनी ओझर-मिग करून टाकले. कारखान्यातले लोक शिकायला रशियात जात. अशाच एका गिऱ्हाइकाने, परत आल्यावर उधारीबरोबर खूण म्हणून, मला एक रुबल आणून दिला. १९७० सालचा, लेनिनच्या जन्मशताब्दीचा. एका बाजूला लेनिनचे टक्कल आणि दाढी, दुसऱ्या बाजूला विळा-हातोडा. रशियाने १९६५ साली, युद्धातल्या विजयाला वीस वर्षे झाली तेव्हापासून असे स्मरणार्थ रुबल काढायला सुरुवात केली होती. लेनिनचा हा रुबल त्यांनी किती पाडावा? दहा कोटी! लोकांनी कितीही दडवला तरी बाजारात उरलाच पाहिजे असा हिशेब असावा. आमच्या ग्रेशॅमच्या पोटनियमाला तो साम्यवादी तोडगा होता.

१९९१च्या डिसेंबरात सोव्हिएत संघ मोडला आणि पंधरा देश झाले. माझ्या डब्यातला लेनिन एका रात्रीत बिनदेशाचा झाला. त्या पंधरांपैकी तुर्कमेनिस्तानने १ नोव्हेंबर १९९३ रोजी स्वतःचे चलन सुरू केले. चलनाचे नाव "मनात". मराठी माणसाला ते ऐकून हसूच येईल. पण राज्यकर्त्याच्या मनात काय होते ते खरोखरच मनातवर उमटले. राष्ट्राध्यक्ष सापारमुरात नियाझोव्ह हयात होते, खुर्चीवर होते, आणि देशाच्या पहिल्या नाण्यांवर, अगदी लहानात लहान नाण्यापासून, त्यांचाच मुखवटा. स्मरणार्थ म्हणावे तर विसरायला अजून कुणी गेलेलेच नव्हते. पुढे १९९९ साली ते तहहयात अध्यक्ष झाले. २००२ साली जानेवारी महिन्याला त्यांची पदवी आणि एप्रिलला त्यांच्या आईचे नाव मिळाले. राजधानीत सूर्याबरोबर तोंड फिरवणारा त्यांचा सोनेरी पुतळा होता. २००६च्या डिसेंबरात ते वारले. महिन्यांची जुनी नावे परत आली. १ जानेवारी २००९ रोजी नवा मनात आला, पाच हजार जुन्यांना एक नवा या भावाने, आणि त्या नव्या नाण्यांवर देशाचा नकाशा आला. अध्यक्षांचा मुखवटा सर्वांत मोठ्या नोटेवर तेवढा राहिला. गोरगरिबांच्या चिल्लरीतून तो गेला. हातोडा न उगारताही गौतमीपुत्राचे काम झाले.

आपल्याकडची वर सांगितलेली नावे आता पुन्हा आठवा. नेहरू, गांधी, इंदिराजी, टिळक. प्रत्येक जण गेल्यानंतरच नाण्यावर आला. हयातीत कुणी स्वतःला चलनात आणले नाही. या एका पथ्याचे मोल मला तुर्कमेनिस्तानची कथा वाचेपर्यंत नीट कळले नव्हते.

एवढे सगळे सांगितले ते ज्या एका नाण्यासाठी, त्याच्याकडे आता येतो.

१९९० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपया निघाला. त्यांच्या जन्मशताब्दीचे ते वर्ष. मरणोत्तर भारतरत्नही त्याच वर्षी मिळाले. तोवर नाण्यावर जे पुढारी आले होते ते पंतप्रधान होते, राष्ट्रपिता होते. हा माणूस वेगळ्या वाटेने आला. आणि कुठून आला? नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारातून, जिथे २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला आणि पाच वर्षे चालूनही दार उघडले नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या येवल्याहून, जिथे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी त्यांनी सांगितले, की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. नाण्यावर आलेल्या आपल्या सगळ्या पुढाऱ्यांत नाण्याचा खरा अभ्यास केलेला माणूस हाच. १९२३ साली लंडनला त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याचा विषयच मुळी रुपयाचा प्रश्न. रुपया पौंडाला कोणत्या दराने बांधावा यावर मोठमोठे लोक भांडत होते. बाबासाहेबांनी विचारले, की तो रुपया बाजारात काय आणि किती विकत घेतो ते आधी सांगा. सरकारला वाटेल तेवढे रुपये पाडण्याची मोकळीक मिळाली तर महागाई होते आणि ती गरिबाच्या पानातले घेऊन जाते, म्हणून त्या अधिकाराला वेसण पाहिजे, असा त्यांचा रोख. १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली तीही या विषयावर. किराणा दुकानदाराच्या दृष्टीने पाहिले तर असला उपयुक्त पुढारी दुसरा नाही.

तो रुपया गल्ल्यात आला की तासाभरात नाहीसा व्हायचा. लोक मागून घेत. एकाने रुपयाच्या नाण्यासाठी पाचाची नोट पुढे केली आणि सुटे परत घेईना. मी बळेच दिले. रुपयाचे पाच रुपये घेणे हे बाबासाहेबांच्या ग्रंथातल्या कोणत्याच सिद्धांतात बसले नसते. कुणी तो तसबिरीच्या चौकटीत खोचला, कुणी कडी लावून पोराच्या गळ्यात घातला. नाणे मोडणे-विद्रूप करणे कायद्याने गुन्हा आहे, हे खरे. तो कायदा सांगायला निदान मी तरी गेलो नाही.

पंचवीस वर्षांनी, १२५व्या जयंतीच्या निमित्ताने, ६ डिसेंबर २०१५ रोजी दिल्लीत पंतप्रधानांच्या हस्ते बाबासाहेबांची दोन नाणी निघाली. एक दहा रुपयांचे, चालवायचे. दुसरे एकशे पंचवीस रुपयांचे, पेटीत ठेवायचे.

या पेटीतल्या नाण्यांची आता रीत पडली आहे. वाजपेयींचे शंभराचे नाणे २०१८ साली निघाले, एन. टी. रामारावांचे २०२३ साली, करुणानिधींचे २०२४ साली. सुबक काम, मखमली पेटी. टांकसाळीकडे मागणी नोंदवायची, दर्शनी किमतीहून कितीतरी जास्त पैसे भरायचे आणि घरी आणून कपाटात ठेवायचे. ती कधीच कुणी मोड म्हणून दिली नाहीत. एकशे पंचवीस रुपयांचे नाणे द्यायला तशी वस्तूही सापडायची नाही! हौशी संग्राहकांवर माझा राग नाही. पण ज्या नाण्याने कधी मीठ-मिरची घेतली नाही, कुणाच्या पदराच्या गाठीत रात्र काढली नाही, त्याला नाणे म्हणायला जीभ रेटत नाही. तो बिल्ला. नेहरूंच्या ज्या रुपयाचे नाक हजारो बोटांनी झिजून सपाट झाले आहे, तो मला पेटीतल्या शंभर कोऱ्या नाण्यांहून मानाचा वाटतो.

दहाचे नाणे तेवढे चालवायचे होते. त्याचे काय झाले? २०१६ साली आवई उठली की दहाची नाणी खोटी आहेत. कुणी म्हणे दहा रेघांचे खरे, पंधरा रेघांचे खोटे. कुणी म्हणे रुपयाचे चिन्ह नसलेले खोटे. वीस पैशांत सोने सापडले होते, इथे दहा रुपयांत खोट सापडली. पेठेत, भाजीबाजारात, रिक्षात, कुणी घेईना.

तेव्हाची गोष्ट. कांद्याच्या खळ्यावर कामाला जाणारी एक बाई संध्याकाळी दुकानात आली. तेल, चहापत्ती, साबण सांगितला आणि मूठ उघडून तीन नाणी फळीवर ठेवली. तिन्ही दहाची, त्यांत एक बाबासाहेबांचे.

"शेठ, चालत असंल तर घ्या. पलीकडच्या दुकानात न्हाई म्हणला."

"का नाही म्हणे?"

"त्याला काय माहीत. बाकीची दोन परत दिली ती दिली, पण हे बी ढकललं. बाबासाहेबाचं चालत न्हाई म्हणतो! मग कोणाचं चालतं, ते तरी सांगा."

तिच्या आवाजात भांडण नव्हते. दिवसभर कांद्याच्या धुरळ्यात बसलेल्या माणसाचा थकवा होता, आणि त्याच्याखाली दुसरे काहीतरी होते. दुकानदाराने आवईपोटी परत केलेले एक नाणे. पण "चालत नाही" हे शब्द त्या बाईने, तिच्या आईने, आजीने पाणवठ्यावर आणि देवळाच्या पायरीवर ऐकलेले. दहा रुपयांच्या त्या चकतीत ते सगळे येऊन बसले होते. मी तिन्ही नाणी घेतली, गल्ल्यात टाकली आणि सामान दिले. याहून अधिक काही करण्यासारखे नव्हते आणि बोलण्यासारखे तर नव्हतेच.

रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१६ मध्ये खुलासा काढला होता. जानेवारी २०१८ मध्ये पुन्हा काढला: दहाच्या नाण्याचे चौदा प्रकार निघाले आहेत, चौदाही खरे आहेत. मी तो खुलासा छापून घेतला आणि काउंटरच्या वर चिकटवला. परिणाम व्हायचा तोच झाला. साऱ्या गावची दहाची नाणी माझ्याकडे येऊ लागली. पिशवी भरून बँकेत नेली तर मोजायला माणूस नाही म्हणून सांगितले. मग मी ठरवले, की जे आले ते बाहेर गेलेच पाहिजे. दुधवाल्याला दहाची नाणी, पेपरवाल्याला दहाची नाणी. आठवडे बाजारात भाजी घ्यायला मी स्वतः जाऊ लागलो. घरच्यांना वाटले म्हाताऱ्याला संसाराची गोडी लागली. कुणी कुरकुरले तर खुलाशाचा कागद खिशात असेच. दोन वर्षांत आमच्या पेठेत दहाचे नाणे पुन्हा रुळले. त्याच सुमारास भिंतीभिंतीवर क्यूआर कोड लागले, टोलनाक्यावर २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला आणि सुट्ट्या पैशांची भांडणे एकदमच मिटत चालली, तो भाग वेगळा.

गेल्या चैत्रात ती बाई पुन्हा आली. तिच्या हातात नोटा होत्या. वीसची एक, दहाची एक.

"शेठ, तीन नाणी पाहिजेत. बाबासाहेबाची. तीन नाती आहेत, जयंतीला एकेकीला देते."

मी गल्ला पालथा केला. हल्ली त्यात असते तरी किती? शोधून शोधून दोन सापडली. ती तिने पदराने पुसून बघितली, खूण पटली तशी कमरेच्या पिशवीत टाकली, आणि दहाची नोट माझ्याकडेच राहू दिली.

"आणि तिसरं?"

"आठ दिवसांनी या."

"आठ दिवसांत गावंल?"

"बाजार आहे बाई. फिरत फिरत येईल."